चोवीसशे वेढ्यांचा हिशेब

मुलांनो, बाजारात ‘मोटार वाइंडिंग’ची पाटी लावलेलं दुकान तुम्ही पाहिलं असेलच. दारात जळालेल्या पंपांच्या मोटारी आणि पंखे पडलेले असतात, आत कारागीर तांब्याची तार गुंडाळत बसलेला असतो. जळकी तार काढायची आणि तेवढीच, तशीच नवी भरायची, याला म्हणतात रिवाइंडिंग. आज आपण याच कामाचं एक फार नाजूक रूप पाहू या. व्हॉल्व्हवर चालणाऱ्या गिटार ॲम्प्लिफायरमधला आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, तेव्हा तो परत कसा भरतात?

व्हॉल्व्ह म्हणजे काय, ते आजीआजोबांना विचारा. बटण दाबल्यावर जरा वेळाने बोलू लागणारा मोठा रेडिओ त्यांना आठवत असेल. त्याच्या आत काचेच्या नळ्या तांबूस उजळायच्या, तेच व्हॉल्व्ह. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढे रेडिओतून व्हॉल्व्ह हद्दपार झाले. गिटारवाल्यांनी मात्र त्यांना आजही सोडलेलं नाही. जोरात वाजवलं की व्हॉल्व्हचा आवाज किंचित फाटतो, आणि ते फाटणंच त्यांना गोड लागतं! आवड ज्याची त्याची.

पण व्हॉल्व्हची एक अडचण आहे. त्याच्याकडे व्होल्ट भरपूर, प्रवाह मात्र अगदी थोडा. लाउडस्पीकरचं उलट. त्याला व्होल्ट थोडेच लागतात, पण प्रवाह जास्त लागतो. दोघांची गाठ घालून देतो तो आऊटपुट ट्रान्सफॉर्मर. १५ वॉटचा एक ॲम्प्लिफायर घेऊ. व्हॉल्व्हच्या बाजूला साधारण ३५० व्होल्ट आणि ४३ मिलिअँपिअर, तर स्पीकरच्या बाजूला ११ व्होल्ट आणि १.४ अँपिअर. दोन्हीकडे गुणाकार करून बघा बरं. उत्तर १५ च्या आसपासच येईल.

ही किमया वेढ्यांची. लोखंडी गाभ्याभोवती बारीक तारेचे पुष्कळ वेढे व्हॉल्व्हसाठी आणि जाड तारेचे थोडे वेढे स्पीकरसाठी. समजा व्हॉल्व्हला ८००० ओहमचा भार हवा आहे आणि स्पीकर आहे ८ ओहमचा. म्हणजे हजारपट फरक. मग वेढेही हजारपट? छे! इथे वर्गमूळ कामाला येतं. १००० चं वर्गमूळ सुमारे ३२, म्हणून वेढे ३२ पट पुरतात. (वर्गमूळ काय कामाचं, असं विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं!)

हा ट्रान्सफॉर्मर जळतो कशाने? एक नेहमीचं कारण ऐकून नवल वाटेल: स्पीकर न जोडता ॲम्प्लिफायर वाजवणं. ऊर्जेला बाहेर पडायला वाट मिळत नाही, व्होल्टेज एकदम उसळतं आणि तारेवरचं इनॅमल फोडून एका वेढ्यातून दुसऱ्यात उडी मारतं. म्हणून अमेरिकेतल्या फेंडर कंपनीच्या अनेक ॲम्प्लिफायरमध्ये युक्ती असते. स्पीकरची पिन काढली की ते छिद्र आतल्या आत शॉर्ट होतं. व्हॉल्व्हला थोडा वेळ शॉर्ट परवडतो, मोकळं टोक परवडत नाही.

आता म्हणाल, जळला तर दुसरा आणून बसवावा की! बसवता येतो. पण आवाज तोच राहील याची खात्री नाही. १९६२ साली लंडनजवळच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शल यांच्या वाद्यांच्या दुकानात एक ॲम्प्लिफायर तयार झाला. त्याची जोडणी जवळजवळ सगळी फेंडरच्या ‘बासमन’ची. सुटे भाग मात्र इंग्लंडात मिळाले ते घेतले. व्हॉल्व्ह, स्पीकर, ट्रान्सफॉर्मर, सगळंच थोडं थोडं वेगळं. आवाजही वेगळाच निघाला आणि तोच ‘मार्शल’चा आवाज म्हणून गाजला. म्हणून जुन्या ॲम्प्लिफायरचा मालक म्हणतो, मला माझाच ट्रान्सफॉर्मर परत हवा.

तर कारागीर काय करतो? आधी गाभ्याच्या ‘ई’ आणि ‘आय’ आकाराच्या पातळ पोलादी पट्ट्या एकेक करून काढतो. वार्निशने त्या घट्ट चिकटलेल्या असतात. वाकवून चालत नाही, कारण त्याच परत बसवायच्या आहेत. त्या कशा रचल्या होत्या, हेही तो टिपून ठेवतो. दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने ओढत असतील तर पट्ट्या एकाआड एक उलटसुलट असतात. एकटाच व्हॉल्व्ह असेल तर सगळ्या ‘ई’ एकीकडे, ‘आय’ दुसरीकडे, आणि मध्ये कागदाएवढी फट. ती फट विसरली तर गाभा चुंबकत्वाने गच्च भरतो आणि आवाज बिघडतो.

मग तार उलगडायची. हे फार जपून करायचं काम, कारण जुन्या कारागिराने काय केलं होतं ते इथेच कळतं, आणि उलगडलं की ते मोडतं. एका थरात किती वेढे, मध्ये कागद कुठे, कोणता थर कोणावर, हे सारं वहीत उतरत जातं. तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजतात. जळून तारेचे तुकडे झाले आणि मोजणी चुकली तर? स्पीकरच्या बाजूची जाड तार सहसा शाबूत असते. तिचे वेढे भरले ७५. मग ७५ गुणिले ३२, झाले २४००!

थरांचा क्रम मात्र कुठल्याही गुणाकाराने मिळत नाही. चांगल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये बारीक तारेचे दोन-तीन भाग करून त्यांच्यामध्ये जाड तार घातलेली असते, पोळीत पुरण घालावं तशी. सोपं पडतं म्हणून आधी सगळी बारीक, मग सगळी जाड अशी गुंडाळली, तर वेढ्यांची संख्या बरोबर येऊनही वरचे धारदार स्वर दबून जातात. घाईघाईने कात्रीने कापून काढलेल्या ट्रान्सफॉर्मरचा आवाज असा कायमचा हरवतो. मला तर वाटतं, या कामात हातापेक्षा वहीच मोठी.

आणि हो, हे घरी करून पाहायचं नाही बरं का! या पेटीत चारशेच्या वर व्होल्ट असू शकतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ते साठून राहतात. आईबाबांनीही जाणकाराशिवाय झाकण उघडू नये.

नवी तार भरली, वार्निश वाळलं, पट्ट्या बसल्या, की स्पीकर जोडून पहिल्यांदा वीज देताना कारागीर वाटेत एक साधा १०० वॉटचा बल्ब जोडतो. बल्ब लखकन पेटून तसाच राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, परत उलगडा! पेटून मंद झाला, तर पुढच्या तपासण्या. त्या पार पडल्या की मग कुणीतरी गिटारची सर्वांत जाड तार छेडतं. ती सेकंदाला ८२ वेळा थरथरते, आणि सगळे स्पीकरकडे कान लावतात.