रक्तस्रावाचे माप

एक प्रयोग करून पाहा. अर्धा लिटर पाण्यात लाल रंग कालवा. त्यातले बरेचसे जुन्या गोधडीवर आणि उरलेले फरशीवर ओता. मग घरातील मंडळींना विचारा, “हे पाणी किती असेल?” रबाळ्याला आमच्या वसाहतीतील मुलांकडून मी हा प्रयोग करून घेतला, तेव्हा उत्तरे एका पेल्यापासून अर्ध्या बादलीपर्यंत आली! कापडाने शोषलेला द्रव डोळ्यांना मोजता येत नाही.

बाळंतपणाच्या खोलीत हाच प्रश्न जीवनमरणाचा होतो. दिवस भरलेल्या स्त्रीच्या गर्भाशयाला मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त पुरवले जाते. मूल जन्मले, वार सुटून आली, की तिच्या जागी रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. ती बंद कोण करते? गर्भाशयाचे स्नायू. या वाहिन्या स्नायूंच्या जाळ्यातूनच गेलेल्या असल्याने स्नायू आवळले, की नळीला चिमटा लावावा तशा त्या मिटतात. स्नायू सैल राहिले तर रक्त वाहतच राहते. पाचशे मिलिलिटरहून अधिक रक्त गेले, की डॉक्टर त्याला प्रसूतिपश्चात रक्तस्राव म्हणतात.

ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनाने स्नायू आवळले जातात. पण ते थंड जागी ठेवावे लागते. खेड्यात, वीज नसेल तेथे काय करावे? मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी मूळची पोटातील व्रणासाठी निघालेली. तिनेही गर्भाशय आवळते आणि तिला शीतपेटी लागत नाही. मग ती खरोखर उपयोगी पडते का?

याचा शोध आपल्या शेजारीच, बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत झाला. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात १६२० स्त्रियांवर हा अभ्यास केला. कोणाला कोणती गोळी मिळणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे केवळ योगायोगाने ठरले. ८१२ जणींना खरी गोळी मिळाली, ८०८ जणींना तशीच दिसणारी बिनऔषधी. कोणती कोणाला, हे ना बाळंतिणीला ठाऊक, ना गोळी देणाऱ्या नर्सबाईंना. कारण उघड आहे: औषध दिल्याचे ठाऊक असले, की रक्त कमीच दिसू लागते. मनाची ही खोड भल्याभल्यांना चुकलेली नाही.

पण मोजायचे कसे? येथे पदार्थविज्ञानाच्या माणसाला मनापासून आवडावी अशी युक्ती आहे. मूल जन्मताच बाळंतिणीच्या खाली प्लॅस्टिकची एक चादर सरकवायची. तिचे खालचे टोक नरसाळ्यासारखे निमुळते होत पिशवीत उतरते आणि पिशवीवर मापाच्या रेघा छापलेल्या असतात. बस्स! तुमच्या प्रयोगशाळेतील मोजपात्राचीच ही बहीण. १२३ स्त्रियांच्या वेगळ्या तुलनेत असे आढळले, की नुसत्या नजरेचा अंदाज चादरीच्या मापापेक्षा सुमारे ३३ टक्के कमी भरतो. म्हणजे ६०० मिलिलिटर रक्त गेलेली बाई ४०० च्या खात्यात जमा, आणि धोका कोणाच्या लक्षातच नाही.

निकाल २००६ साली ‘लॅन्सेट’ नियतकालिकात आला. बिनऔषधी गटात १२ टक्के स्त्रियांना रक्तस्राव झाला, खऱ्या गोळीच्या गटात ६.४ टक्के. एक लिटर वा त्याहून अधिक रक्त जाण्याचे प्रमाण १.२ वरून ०.२ टक्क्यावर आले. गोळीने काही जणींना थंडी वाजून हुडहुडी भरली, हेही संशोधकांनी नोंदवले. प्रामाणिक चाचणीत अशा नोंदी हव्यातच. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

गोळीचे नाव झाले, चादर मागे राहिली. माझ्या मते खरी करामत चादरीचीच. पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक प्रसूतींचा अभ्यास झाला; त्याचा निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. जेथे रेघांची चादर वापरून रक्तस्राव दिसताच सर्व उपचार एकदम सुरू केले, तेथे ९३ टक्के रक्तस्राव वेळीच ओळखले गेले. नेहमीच्या पद्धतीत ५१ टक्के. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू, यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर उतरले.