बिभा नावाचा तारा

मार्चअखेरीस रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास मघा नक्षत्राचा ठळक तारा नागपुरात जवळजवळ डोक्यावर येतो. हात ताठ करून मूठ डोळ्यांसमोर धरायची आणि मघेपासून दक्षिणेकडे दीड मूठ खाली सरकायचे. तिथे एक तारा आहे, पण नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. त्याला लहानशी दुर्बीण लागते. या ताऱ्याचे नाव बिभा.

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाला १०० वर्षे झाली तेव्हा, २०१९ मध्ये, प्रत्येक देशाला एका ताऱ्याचे आणि त्याच्या ग्रहाचे नाव ठेवण्याची संधी मिळाली. भारताच्या वाट्याला आलेल्या ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरी यांचे नाव मिळाले. बिभा म्हणजे आपली विभा, प्रकाश. बंगालीत ‘व’चा ‘ब’ होतो. ग्रहाचे नाव ‘संतमस’, म्हणजे सगळीकडे पसरलेला अंधार. ते सुचवले महाराष्ट्रातल्या १३ वर्षांच्या एका शाळकरी मुलाने.

मुलांना खगोलशास्त्राची ओळख बहुधा ग्रहांच्या यादीपासून करून दिली जाते. यादी पाठ होते आणि तिथेच थांबते. बिभा चौधरींच्या कामापासून सुरुवात केली, तर या शास्त्राचा मूळ प्रश्नच मुलांच्या हाती येतो: जे दिसत नाही, ते ओळखायचे कसे?

बिभा चौधरी यांचा जन्म १९१३ मध्ये कोलकात्यात झाला. १९३६ मध्ये त्या कलकत्ता विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्या, वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. पुढे देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर त्यांनी अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा अभ्यास केला. हे किरण म्हणजे अतिवेगवान कण. वाटेतले वातावरण त्यांना अडवते, म्हणून फोटोच्या काचा दार्जिलिंगला आणि सुमारे ३,६०० मीटर उंचीवरच्या संदकफूला नेऊन महिनोन्‌महिने ठेवल्या. काच धुतली की सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या ठिपक्यांची बारीक रेघ दिसे. कण केव्हाच निघून गेलेला, मागे राहिली ती त्याची वाट.

विदर्भातल्या मुलांना हे समजावायला ताडोबा किंवा पेंच पुरेसे आहे. वाघ दिसत नाही. रस्त्यावरच्या धुळीत त्याचा पगमार्क दिसतो. ठसा केवढा, किती खोल, दोन ठशांत अंतर किती, यावरून जाणकार वाघाबद्दल बरेच काही सांगतो. काचेवरचे ठिपके किती दाट आहेत आणि रेघ किती वाकते, यावरून बिभा आणि बोस यांनी कणाचे वस्तुमान काढले: इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट. हे काम ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आले. दुसऱ्या महायुद्धामुळे अधिक चांगल्या काचा मात्र मिळेनात. याच पद्धतीने, सुधारित काचा वापरून, इंग्लंडमध्ये सेसिल पॉवेल यांच्या गटाने १९४७ मध्ये पायॉन हा कण शोधला आणि १९५० चे नोबेल पॉवेल यांना मिळाले. मुलांना हा भाग वगळून सांगू नये. त्यांना अन्याय चटकन कळतो आणि गोष्ट लक्षात राहते.

१९४९ मध्ये होमी भाभांनी बिभा चौधरींना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतले; त्या तिथल्या पहिल्या महिला संशोधक. पुढे कोलारच्या सोन्याच्या खाणीतील प्रयोगांतही त्या होत्या. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले. हयातीत मोठा सन्मान त्यांच्या वाट्याला आला नाही.

संतमसही असाच खुणेवरून सापडलेला. तो गुरूच्या दीडपट वस्तुमानाचा आहे आणि दोन दिवसांहून थोड्या अधिक काळात बिभाभोवती फेरी मारतो. त्याच्या ओढीने तारा किंचित हेलकावतो. त्या हेलकाव्याची नोंद ताऱ्याच्या प्रकाशात उमटते.

नागपुरात गांधीसागर तलावासमोर रमण विज्ञान केंद्राचे तारांगण आहे. मघा, सिंह राशी यांची ओळख तिथे करून घ्यावी आणि मग शहराच्या दिव्यांपासून दूर, अमावस्येच्या आसपास, दुर्बीण लावावी. दिसेल तो फिकट ठिपका. त्याचा प्रकाश सुमारे ३४० वर्षांपूर्वी, म्हणजे साधारण छत्रपती संभाजी महाराजांच्या काळात, तिथून निघालेला आहे.