चाकोरीबाहेर जाण्याआधी

मागच्या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं चालू असताना एका तरुण श्रोत्याने विचारलं होतं, "सर, आम्ही मित्रमंडळी दिवाळीनंतर फोर-बाय-फोर गाड्या घेऊन कच्छच्या छोट्या रणात जाणार आहोत. रस्ता सोडून गाडी चालवायची, हाच त्यातला आनंद. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने यात काही गैर आहे का?" सभागृहात हशा झाला. आम्हीही हसलो, आणि वेळ संपली म्हणून उत्तर टाळलं. पण पामबीच रस्त्याने घरी जाताना तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून आज ठरलेला विषय बाजूला ठेवून त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

सुरुवात एका शब्दापासून करू. 'चाकोरी' हा शब्द आपण रोज वापरतो. चाकोरीबद्ध आयुष्य म्हणजे कंटाळवाणं आयुष्य, आणि चाकोरीबाहेरचा माणूस म्हणजे कौतुकाचा माणूस. आम्ही स्वतः वर्गात इतकी वर्षं 'चाकोरीबाहेर विचार करा' असंच सांगत आलो. पण चाकोरी म्हणजे मुळात काय? बैलगाडीची चाकं वर्षानुवर्षं एकाच वाटेवरून गेली, की जमिनीत ज्या दोन खोल रेघा पडतात, ती चाकोरी. ज्याला आज 'ऑफ-रोडिंग' म्हणतात, त्याला मराठीत अक्षरशः 'चाकोरीबाहेर जाणं' म्हणता येईल.

आता बघा, गाडीवान चाकोरी का सोडत नसे? तो काही निसर्गप्रेमी होता म्हणून नव्हे. चाकोरी सोडली की चाक मऊ मातीत रुतायचं, आरे मोडायचे, बैल अडून बसायचे. म्हणजे मर्यादा गाडीतच होती. दुसऱ्या महायुद्धात जीप आली, आणि युद्धानंतरच्या काही वर्षांत मुंबईच्या महिंद्र कंपनीने तिची जुळणी इथे सुरू केली. आज त्याच घराण्यातली 'थार' नाशिकला बनते. नाव पाहा, थेट वाळवंटाचं. चारही चाकांना ताकद, चढासाठी आणि वाळूसाठी वेगळे गिअर. बैलगाडीला जी जमीन 'इथे येऊ नकोस' म्हणायची, ती या गाडीला काहीच म्हणत नाही. पूर्वी जी मर्यादा गाडीत होती, ती आता चालवणाऱ्याच्या मनात असावी लागते. आजच्या व्याख्यानाचं सूत्र एवढंच. बाकीचा विस्तार.

पहिला प्रश्न असा, की रस्ता नाही अशी जमीन दिसली की ती आपल्याला 'रिकामी' का वाटते? जॉन लॉक या इंग्लिश तत्त्वज्ञाने 1689 साली मालमत्तेचा विचार मांडताना सांगितलं, की माणसाने श्रम मिसळले की जमीन त्याची होते. आणि जिला नांगर, लागवड किंवा चराईची व्यवस्था लागलेली नाही, ती जमीन वाया गेलेली. युरोपात हा विचार फार खोल रुजला. आपल्या सातबाऱ्यावर आजही 'पोटखराबा' असा रकाना असतो. लागवडीला निरुपयोगी ते खराब! महसुलाच्या दृष्टीने ठीक आहे. पण तोच शब्द आपल्या डोळ्यांवर चढला, की माळ, सडा, रण, खारजमीन सगळंच खराब आणि रिकामं दिसायला लागतं. आपण बसलो आहोत ते शहर घ्या. 1970 साली सिडको स्थापन झाली, तेव्हा नकाशावर खाडीपलीकडची ही जमीन मोकळी वाटत होती. प्रत्यक्षात इथे पंचाण्णव गावं होती, भातशेती होती, मिठागरं होती, आगरी-कोळी माणसं होती. मोकळी जमीन आणि रिकामी जमीन यांत फरक असतो. तो फरक आम्हाला पुस्तकातून नाही, एका धनगर आजोबांकडून कळला.

पंचवीसेक वर्षं झाली असतील. मे महिना. मित्राची जीप होती आणि आम्ही चौघं सोलापूर जिल्ह्यातल्या माळरानावर काळवीट पाहायला गेलो होतो. गाडीवाट एका बाजूने जात होती, कळप दुसऱ्या बाजूला. आम्हीच मित्राला म्हणालो, "घाल की आत, गवतच तर आहे." फर्लांगभर आत गेलो असू. तेवढ्यात एक आजोबा काठी हलवत धावत आले. "सायेब, गाडी हाय तितंच थांबवा. खाली बगा." पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर उघड्या जमिनीत टिटवीची चार अंडी होती. मातीच्याच रंगाची, ठिपक्यांची. दाखवली नसती तर दिसलीच नसती. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. पण गाडी उलटी घेत त्याच वाटेने परतताना, आमच्याच चाकाच्या रेघेत गवताची एक लहानशी वाटी चेपलेली दिसली. चंडोलाचं घरटं. आत काय झालं होतं ते सांगायला नको. आजोबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "रस्ता न्हाई म्हून तुमास्नी वाटलं, हितं काय न्हाई." आमची डॉक्टरेट त्या एका वाक्यापुढे उभी राहू शकली नाही.

माळरानावरचे कितीतरी पक्षी झाडावर नाही, जमिनीवरच अंडी घालतात. टिटवी, चंडोल, धाविक, पखुर्डी, आणि माळढोक. मादी माळढोक सहसा एकच अंडं घालते, तेही उघड्यावर. त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला 1979 साली अभयारण्य झालं, पण आज महाराष्ट्रात माळढोक दिसणं जवळजवळ संपलं आहे. गाड्यांमुळे तो संपला असं आम्ही म्हणणार नाही. शिकार झाली, माळ नांगराखाली गेले, विजेच्या तारा आल्या. पण ज्या जिवाचं सगळं भवितव्य उघड्यावरच्या एका अंड्यात असतं, तिथे एक चाकही जास्त होतं.

आता जमिनीकडे वळू. कोरड्या प्रदेशातली माती म्हणजे नुसती धूळ नव्हे. तिच्या वरच्या पापुद्र्यात निळे-हिरवे सूक्ष्म जीव, दगडफुलाच्या जातीचे जीव आणि शेवाळं राहतात. त्यांचे तंतू मातीचे कण एकमेकांना बांधून ठेवतात, वारा-पावसात ती उडू देत नाहीत आणि हवेतला नायट्रोजन मातीत आणतात. हा पापुद्रा कोरडा असताना चाकाखाली चुरा होतो. पुन्हा तयार व्हायला वर्षं, कधी दशकं लागतात. शिवाय वजनाने माती दाबली जाते, पाणी मुरायचं थांबतं, बी रुजत नाही, आणि पुढच्या पावसात त्या रेघेचा ओहोळ होतो. 1942 साली अमेरिकन सेनानी पॅटन यांच्या देखरेखीखाली कॅलिफोर्निया-ॲरिझोनाच्या वाळवंटात रणगाड्यांचा सराव सुरू झाला. त्या रणगाड्यांच्या खुणा तिथे आजही दिसतात. युद्ध संपलं, सैनिक गेले, रेघा राहिल्या.

यावर तरुण मित्र म्हणेल, "पण सर, आमच्या एका गाडीने असं काय होणार?" हा प्रश्न फार जुना आहे, आणि योगायोगाने वाळूचाच आहे. ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात युब्युलिडीस नावाचा तर्कज्ञ होऊन गेला. ढिगाचं कोडं त्याच्या नावावर सांगतात. वाळूचा एक कण म्हणजे ढीग नव्हे. त्यात आणखी एक कण टाकला तर ढीग होतो का? नाही. आणखी एक? तरी नाही. मग ढीग झाला केव्हा? कुठल्याच एका कणाने तो केला नाही, आणि तरी तो समोर उभा आहे. बिघडवण्याचंही असंच असतं. माळाची नासाडी कुठल्याच एका गाडीने केलेली नसते.

पण चाकोरीच्या बाबतीत गोष्ट कोड्याच्याही पुढे जाते. वाळूचा कण दुसऱ्या कणाला बोलावत नाही. चाकाची रेघ मात्र दुसऱ्या चाकाला बोलावते. पुढच्या वर्षी आम्ही त्याच माळावर गेलो, तेव्हा आमच्या त्या दोन रेघा तिथेच होत्या, आणि त्यांवरून आणखी गाड्या गेल्याचं स्पष्ट दिसत होतं. आम्ही एकदाच गेलो, पण वाट पाडून आलो. तेव्हा 'माझ्या एका गाडीने काय होणार' या प्रश्नाचं खरं उत्तर असं, की तुमची गाडी कधी एकटी नसते. आणि गंमत पाहा, प्रत्येकाला हवी असते ती अस्पर्श जमीन. प्रत्येक जण ती शोधायला रस्ता सोडू लागला, तर तशी जमीन उरणारच नाही.

मग घरीच बसायचं का? नाही. असं म्हणणं आम्हाला शोभणारही नाही. सत्तरी उलटली, गुडघे साथ देत नाहीत. गाडी नसती तर रण काय, साधा माळही आम्ही पुन्हा पाहिला नसता. ज्याने जमीन पाहिलीच नाही तो तिच्यासाठी बोलणार तरी कशाला? जाणं थांबवायचं नाही. कसं जायचं, ते ठरवायचं.

रणाचंच घेऊ. छोटं रण पावसाळ्यात पाण्याखाली जातं आणि दिवाळीच्या सुमारास सुकू लागतं. लोक म्हणतात, पाणी दरवर्षी सगळ्या खुणा पुसतं, मग काळजी कशाला? हे अर्धंच खरं. रणात उंचवटे असतात, त्यांना तिथे बेटच म्हणतात. त्यांवर पाणी चढत नाही, आणि गवत, झुडपं, प्राणी असतात ते तिथेच. या रणातल्या रानगाढवांची, म्हणजे घुडखरांची संख्या 1960च्या दशकात काही शेकड्यांवर आली होती. अभयारण्य झालं, आणि 2020च्या गणनेत ती सहा हजारांवर गेली. घुडखर जोरात पळतो म्हणून त्याच्याबरोबर गाडी पळवायचा मोह होतो. आपल्यासाठी ती शर्यत असते. त्याच्यासाठी, आणि सोबत शिंगरू असेल तर विशेषच, तो जिवाच्या आकांताचा पळ असतो. शिवाय रणात माणसंही आहेत. अगरिया कुटुंबं वर्षातले सात-आठ महिने तिथे राहून मीठ पिकवतात. त्यांच्या मिठागरांचे बांध मातीचे असतात. एक चाक गेलं की खारं पाणी वाहून जातं, आणि कित्येक दिवसांची मेहनतही.

तेव्हा तरुण मित्रा, काही साध्या गोष्टी. अभयारण्यात परवाना घेऊनच जायचं आणि बरोबर तिथला माणूस घ्यायचा. असलेल्या वाटेवरूनच चालवायचं. चार गाड्या असतील तर एकामागे एक, एकाच चाकोरीत. शेजारी शेजारी नाही. जमीन ओली असेल तर मागे फिरायचं. रणात वरून कडक दिसणाऱ्या थराखाली चिखल असतो, तिथे तुम्हीही रुतता आणि जमीनही फाटते. सैल वाळूच्या वाटेवर चाकातली हवा कमी करायची. चाकात जितकी हवा, साधारण तितकाच दाब जमिनीवर पडतो. 32 वरून 16 वर आणली की दाब निम्म्यावर येतो, चाक पसरतं आणि रुतत नाही. डांबरी रस्त्याला लागण्याआधी पुन्हा भरायची, म्हणून पंप जवळ ठेवायचा. रुतलाच तर चाक जागेवर गरगरवायचं नाही. खाली उतरून फावडं घ्यायचं. पाणवठ्याजवळ मुक्काम नको, कारण रात्री तिथे येणारे प्राणी तुम्हाला पाहून तहानलेलेच परत जातात. आणि नेलेला कचरा परत आणायचा.

हे नियम म्हणजे आनंदावर पाणी नव्हे. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे वनविभागाने अलीकडे गवताळ माळांची सफारी सुरू केली आहे. आधी नोंदणी, ठरलेली वाट, बरोबर गावातलाच मार्गदर्शक. लांडगा, खोकड, चिंकारा तिथे वाटेवरून दिसतात. आणि त्या मार्गदर्शकाच्या रूपाने, गाडी थांबवून 'खाली बघा' म्हणणारा माणूस आधीपासूनच गाडीत बसलेला असतो. आमच्या वेळी तो धावत यावा लागला, आणि तोवर उशीर झाला होता.

शेवटी मूळ प्रश्न. रस्ता सोडून गाडी चालवण्यात गैर आहे का? विचाराने चाकोरीबाहेर जरूर जा. ती तर आमची जन्माची शिकवण. पण विचार चाकोरीबाहेर गेला की कोणाचं घरटं चेपत नाही. चाक गेलं की चेपू शकतं. म्हणून डोकं चाकोरीबाहेर आणि चाकं चाकोरीत. रणातून परत आलात की इथे या. किती दूर गेलात ते विचारणार नाही. काय काय पाहिलंत ते मात्र ऐकायचं आहे.

इथे थांबतो.