कल्पित शस्त्र खरे कसे वाटते?

डिचोली तालुक्यातील सुर्ला हा गाव आपल्याला माहीत आहे तो लोहखनिजामुळे. सुर्ला, पाळी, वेळगे ह्या पट्ट्यातील डोंगर यंत्रांनी कापले गेले आणि तेथली तांबडी माती ट्रकांतून नदीच्या धक्क्यावर, धक्क्यावरून बार्जींत आणि बार्जींतून मुरगाव बंदराला गेली. २०१२ साली खाणी बंद पडल्या. मध्यंतरी काही काळ चालू होऊन सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने २०१८ च्या मार्चमध्ये त्या पुन्हा थांबल्या. दोन्ही वेळी ट्रक दारात उभे राहिले आणि घरातल्या तरुणांनी पुढे काय करावयाचे हा प्रश्न ह्या पट्ट्यात उंबऱ्याउंबऱ्याशी येऊन ठेपला. आज मी ज्या कामाविषयी बोलणार आहे, ते अशा एखाद्या तरुणाला घरी बसून शिकता येण्यासारखे आहे. ते काम म्हणजे कधीही न घडलेल्या शस्त्रांची चित्रे काढण्याचे.

विज्ञानकथांवरील चित्रपटांना आणि संगणकावरील खेळांना चमत्कारिक शस्त्रे लागतात. किरण सोडणारी पिस्तुले, विजेच्या जोराने गोळा फेकणाऱ्या तोफा असा तो सरंजाम असतो. पडद्यावर दिसतात तशी ती जगात कोठेही नाहीत. तेव्हा कोणीतरी ती आधी कल्पावी लागतात आणि संगणकावर त्यांची आकृती सर्व बाजूंनी घडवावी लागते. ब्लेंडर नावाची ह्या कामाची आज्ञावली २००२ पासून कोणालाही मोफत व मुक्तपणे वापरता येते. म्हणजे हत्याराचा खर्च नाही. प्रश्न उरतो तो कौशल्याचा. आणि येथेच अडचण आहे. २०२२ पासून अशी संगणकीय साधने सर्वांच्या हाती आली आहेत, की चार शब्द सांगताच ती क्षणार्धात भव्य बंदुकीचे चित्र समोर ठेवतात. ते चित्र दुरून झकास दिसते. जवळून पाहावे तर नळी मध्येच संपलेली, चाप कशालाच जोडलेला नाही, काडतुसांची पेटी आत शिरावी कोठून ह्याचा पत्ता नाही! ज्याला नुसती नक्कल साधते, त्याचे काम यंत्र करील. शस्त्र असे का आहे हे ज्याला सांगता येते, त्याची गरज मात्र अजून आहे.

मग हे 'का' शोधावयाचे कसे? एच. जी. वेल्स ह्यांच्या १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या मंगळवासीयांच्या स्वारीच्या कादंबरीत एक उष्णकिरण आहे. अशी प्रचंड उष्णता निर्माण कशी होते ह्याच्या तपशिलात वेल्स शिरत नाहीत. ते एवढेच सुचवितात की, दीपगृहाचा आरसा जसा प्रकाशाचा झोत फेकतो, तसाच हाही किरण घासूनपुसून चकचकीत केलेल्या अन्वस्ताकार आरशातून फेकला जात असावा. येथे अद्भुत गोष्ट एकच आहे आणि ती परिचित वस्तूच्या आधाराने उभी केली आहे. आग्वादचे दीपगृह ज्याने पाहिले आहे, त्याला त्या यंत्राचा आकार निराळा समजावून सांगावा लागत नाही.

१९७७ सालच्या 'स्टार वॉर्स' चित्रपटाच्या कारागिरांनी हेच तत्त्व हातांनी राबविले. त्यातील हान सोलोचे पिस्तूल म्हणजे १८९६ च्या नमुन्याचे जर्मन माउझर पिस्तूल. त्यावर एक दुर्बीण चढविली आणि नळीच्या तोंडाशी एक जोडकाम केले, इतकेच. प्रकाशाच्या तलवारीची मूठ तर जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या दिव्याची नळी होती. प्रेक्षकाला हे ठाऊक नसते. पण त्या वस्तूचे स्क्रू, खाचा आणि वजन खऱ्या गरजेतून आलेले आहे, हे त्याच्या डोळ्यांना कळते.

आता थोडे गणित केल्यावाचून गत्यंतर नाही. साध्या पिस्तुलाच्या ९ मिलिमीटर गोळीत सुमारे ५०० ज्यूल ऊर्जा असते. तेवढीच ऊर्जा किरणातून पाठवावयाची आणि आपले किरणयंत्र घेतलेल्या विजेपैकी तीस टक्के किरणात उतरविते असे धरले, तर प्रत्येक वेळी सुमारे १,६७० ज्यूल खर्च होतील. आपल्या खिशातल्या मोबाईलची ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सुमारे ६९,००० ज्यूल देते. म्हणजे चाळीसेक वेळा चाप ओढता येईल. हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल, कारण चित्रकार अशा पिस्तुलाला नेहमी पाठीवरची भली मोठी टाकी जोडतात. खरी अडचण साठ्याची नाही. एवढी ऊर्जा निमिषमात्रात बाहेर काढावयाची कशी आणि उरलेल्या उष्णतेचे करावयाचे काय, ही आहे. दर वेळी सुमारे १,१७० ज्यूल पिस्तुलातच राहतात. पिस्तूल एक किलो ॲल्युमिनियमचे असेल, तर एका झटक्याला ते सुमारे १.३ अंशांनी तापते. चाळीस झटके लागोपाठ मारले, की गोव्याच्या ३२ अंशांच्या दुपारी ते ८४ अंशांवर पोचेल आणि हात भाजेल. म्हणून त्याला उष्णता वाऱ्यावर सोडणारे पत्र्याचे पंखे हवेत, मूठ लाकडाची किंवा रबराची हवी, आणि मूठ व धड ह्यांच्यामध्ये अंतर हवे. पाहा, अद्याप आपण कागदावर रेघही ओढलेली नाही आणि अर्धे पिस्तूल तयार झाले!

उलट, किरणाला मागचा धक्का जवळजवळ नसतो. मग त्याला खांद्याशी टेकविण्याचा जाडजूड दस्ता कशाला? दहा ग्रॅमची गोळी सेकंदाला २,००० मीटर वेगाने फेकणाऱ्या चार किलोंच्या बंदुकीला मात्र तो हवाच. ती सेकंदाला पाच मीटर वेगाने मागे येऊ पाहील आणि तिच्यापुढे गादी लावलेला रुंद दस्तादेखील अपुराच वाटावा. पडद्यावरचे वीर असली शस्त्रे एका हाताने झाडतात, हा मला कल्पनेचा विलास वाटत नाही. तो आळस वाटतो.

आकार झाला, आता पृष्ठभाग. येथे आपण पुन्हा सुर्ल्याला जाऊ. खाणीवर राबलेल्या यंत्राइतका चांगला शिक्षक ह्या बाबतीत दुसरा नाही. लोक ज्याला सर्रास पोकलेन म्हणतात, त्या खोदयंत्राकडे नीट पाहावे. त्याच्या हाताला हलविणाऱ्या दट्ट्याचा दांडा लख्ख चकाकतो. त्याला रंग नसतो, कारण तो नळकांड्यातून सतत आतबाहेर सरकतो आणि तोंडाशी बसविलेले सील त्यावरची धूळ पुसून काढते. तेलाच्या रबरी नळ्या सांध्यापाशी मुद्दाम सैल सोडलेल्या असतात, नाहीतर हात वाकताच त्या तुटतील. बकेटचे दाते निराळे, खुंटीने अडकविलेले, झिजले की बदलावयाचे. म्हणून जुन्या बकेटला नवा दाता दिसतो. चढण्याच्या पायरीचा रंग बुटांनी गेलेला असतो, दाराच्या मुठीचा हातांनी. तांबडी धूळ बसते ती खोलगट जागी, जेथे ग्रीस तिला धरून ठेवते. गंज आणि ही धूळ दोन्ही लोहाची ऑक्साइडेच, रंगानेही सख्खी भावंडे. पण गंज रंगाखालून फुगून वर येतो आणि धूळ वरून येऊन बसते. हा फरक ज्याने पाहिला नाही, तो दोन्ही एकाच कुंचल्याने फासतो.

संगणकावर एक कळ दाबताच वस्तूच्या सर्व कडा सारख्या झिजविण्याची सोय आहे. नवशिक्या कलावंत ती वापरतो आणि त्याचे शस्त्र जुने न दिसता जुन्याचे सोंग घेतलेले दिसते. झीज ही वापराची नोंद असते. धारकरी डावखुरा असेल, तर ती दुसऱ्या बाजूला पडेल.

बाहेरून पाहून केलेली नक्कल कोठे अडते, ह्याची एक जुनी हकीकत आहे आणि तिचा धागा गोव्यापर्यंत येतो. १५४३ साली पोर्तुगीजांबरोबर तोड्याची बंदूक जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचली. तिच्या चापाची रचना गोव्याच्या कारखान्यांतील बंदुकांशी जुळते, असे शस्त्रांचे अभ्यासक सांगतात. तेथल्या लोहाराने नळी घडविली. परंतु नळीचे मागचे तोंड बंद करणारा आट्यांचा स्क्रू काही त्याला साधेना. पुढच्या वर्षी आलेल्या परदेशी कारागिराकडून तो शिकावा लागला, अशी तेथील परंपरागत कथा आहे. जे दिसत होते ते हाती आले. जे नळीच्या आत दडले होते, त्यासाठी वर्ष गेले.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे चित्रकारांचे हटकून दुर्लक्ष होते. ती म्हणजे शस्त्र धरणारा हात. पेडण्याच्या जत्रेत रात्री दशावतार रंगतो तेव्हा नटाच्या हातातली गदा हलकी असते, हे पोरासोरांनाही ठाऊक असते. तरी तो ती उचलताना गुडघे किंचित वाकवितो, दुसरा हात आधाराला नेतो, खाली ठेवताना खांदा सैल सोडतो. आणि ती गदा जड होते. संगणकावर घडविलेल्या शस्त्राला तर मुळीच वजन नसते. म्हणून ह्या कामाला लागणाऱ्याने बंदुकीआधी मनगट काढून पाहावे: ते किती वाकले आहे, अंगठा कोठे पोचतो, चार किलोंचा भार कोपर किती वेळ पेलील, आणि मग मूठ कोठे बसवावयाची ते ठरवावे.