आतड्याच्या जोडाची गळती : पोट पुन्हा न उघडता होणाऱ्या उपचारांचा मागोवा

आतड्याचा रोगट भाग कापून काढला की उरलेली दोन टोके टाक्यांनी किंवा स्टेपलरने जोडतात. या जोडातून मल आणि पाचकरस पोटाच्या पोकळीत झिरपू लागले, की त्याला जोडाची गळती म्हणतात. लहान आतड्याच्या जोडात ती क्वचित होते. मलाशयाच्या अगदी खालच्या जोडात मात्र तिचे प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास जाते. जोडाला रक्त कमी पोहोचणे, त्यावर ताण येणे, कुपोषण, तंबाखू, आधी घेतलेले रेडिएशन ही तिची नेहमीची कारणे. शस्त्रक्रिया निर्दोष झाली तरी गळती होऊ शकते, हे सर्जन जाणतात; नातेवाइकांना ते पटवणे अवघड जाते.

एकोणिसाव्या शतकाचे सारे लक्ष जोड पक्का करण्याकडे होते. 1826 मध्ये पॅरिसच्या आंत्वान लाँबेर यांनी आतड्याची बाहेरची आवरणे एकमेकांना भिडतील असा टाका दाखवला. 1887 मध्ये अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी टाक्याला खरी पकड श्लेष्मल अस्तराखालच्या चिवट थराची मिळते, हे प्रयोगांनी सिद्ध केले. जोड सुधारले, पण जोड गळालाच तर काय करायचे याचे उत्तर पुढे कित्येक दशके एकच राहिले : पोट उघडा, धुवा, जोड मोडा आणि आतड्याचे वरचे टोक पोटावर काढा. आंरी हार्टमान यांनी 1921 मध्ये कर्करोगासाठी मांडलेली शस्त्रक्रिया या कामी हमखास वापरली जाई. त्यात जीव वाचे, पण पोटाला लागलेली पिशवी अनेकांच्या बाबतीत कायमची ठरे, कारण ती काढायला आणखी एक मोठी शस्त्रक्रिया लागे.

वळण आले ते सर्जरीच्या बाहेरून. 1953 मध्ये स्वीडनच्या स्वेन सेल्डिंगर यांनी सुईतून तार सरकवायची, सुई काढायची आणि तारेवरून नळी आत न्यायची ही युक्ती रक्तवाहिन्यांच्या तपासणीसाठी शोधली. 1971 मध्ये इंग्लंडमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. या दोन्हींची सांगड घातल्यावर पोटातला पू नेमका कुठे साठला आहे ते पाहून, कातडीतून सुई घालून तो बाहेर काढता येऊ लागला. 1981 मध्ये स्टीफन गेर्झॉफ आणि सहकाऱ्यांनी अशा निचऱ्याचा पाच वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला, आणि पद्धत रुळली. नळी फार तर 3 ते 5 मिलिमीटर जाडीची. जागा बधिर केली की पुरते. पू निघून गेला, प्रतिजैविके आणि पोषण मिळाले, की आतड्यातले छोटे छिद्र बहुधा आपोआप बुजते. खरे तर ‘पू असेल तिथे वाट करून द्या’ हा नियम फार जुना आहे; बदलली ती वाटेची रुंदी.

दुर्बिणीचा रस्ता भारतात मुंबईतून खुला झाला. डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी 1972 पासून जे. जे. रुग्णालयात निदानासाठी लॅप्रोस्कोपी वापरली आणि 31 मे 1990 रोजी तिथेच पित्ताशय दुर्बिणीने काढले. आतड्याच्या शस्त्रक्रियाही पुढे दुर्बिणीने होऊ लागल्यावर गळतीच्या वेळी जुन्याच छिद्रांतून आत जाऊन पोट धुणे, निचऱ्याची नळी ठेवणे आणि जोडाच्या वर तात्पुरती पिशवी लावणे शक्य झाले. आतडी फार फुगलेली असतील तर मात्र दुर्बिणीला जागाच उरत नाही.

दरम्यान अडचण वाढलीही होती. 1982 मध्ये बिल हील्ड यांनी मलाशयाभोवतीचे मेदाचे आवरण अखंड काढण्याचे तंत्र मांडले. कर्करोग उलटण्याचे प्रमाण घटले, पण जोड गुदद्वाराच्या जवळ येऊ लागले आणि गळती वाढली. आधीच तात्पुरती पिशवी लावली तर काय होते, हे 2007 मध्ये एका स्वीडिश अभ्यासाने 234 रुग्णांत तपासले : लक्षणे देणारी गळती पिशवीविना 28 टक्के, पिशवीसह 10 टक्के.

खालच्या जोडांसाठी एंडोस्कोपीने नवे उपाय दिले. छोट्या, ताज्या छिद्रावर अस्वलाच्या सापळ्यासारखी मिटणारी धातूची क्लिप बसते. कडा जुन्या व कडक झाल्या की ती धरत नाही. आतून लावलेली स्टेंट मोठ्या आतड्यात घसरते. अधिक गुण आला तो स्पंजने. म्युनिकच्या रोल्फ वाइडेनहागेन यांच्या गटाने 2008 मध्ये तो मांडला : गुदद्वारातून दुर्बीण घालून गळतीच्या पोकळीत स्पंज ठेवायचा, नळीने सतत ओढ द्यायची, आणि दोन-तीन दिवसांनी बदलायचा. पोकळी आकसत जाते. 2010 मध्ये गळतीच्या अ, ब, क अशा श्रेणी ठरल्या. ‘अ’ला वेगळा उपचार लागत नाही, ‘ब’ला पोट न उघडता उपाय लागतो, ‘क’ला पुन्हा पोट उघडावेच लागते. पू साऱ्या पोटात पसरून रक्तदाब कोसळलेल्या रुग्णावर नळी घालून वाट पाहणे, हा जिवाशी खेळ ठरतो.

म्हणून या उपचारांत वेळेला आणि अंतराला फार किंमत आहे. उदाहरणार्थ, दादरा नगर हवेलीत खेरडीसारख्या गावातल्या रुग्णाला मोठ्या उपचारांसाठी वापी, सुरत किंवा मुंबई गाठण्याची सवय. तिथल्याच सिल्वासात वैद्यकीय महाविद्यालय 2019 मध्ये सुरू झाले आणि 25 एप्रिल 2023 रोजी त्याच्या नव्या संकुलाचे उद्घाटन झाले. अंतराइतकाच प्रश्न वेळेचा : आता आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण पाचव्या-सहाव्या दिवशीच घरी जातो, आणि गळती नेमकी त्याच सुमारास डोके वर काढते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्तातले सीआरपी (दाह दाखवणारे प्रथिन) लिटरमागे 150 मिलिग्रॅमच्या वर रेंगाळले तर सीटी स्कॅन केल्याशिवाय सुटी देऊ नये, असा आता संकेत आहे. घरी गेलेल्याला ताप, नाडीची धडधड, पुन्हा फुगलेले पोट किंवा कारणाविना अस्वस्थपणा जाणवला, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून थांबू नये.

नळीसह घरी पाठवलेल्या रुग्णाची निगा साधी असते. नळी तुंबू नये म्हणून दिवसातून एक-दोनदा थोडे सलाइन आत सोडून ती मोकळी ठेवायची. शिकवले तर जवळच्या आरोग्य केंद्रातली परिचारिका किंवा घरचे माणूसही हे करते. नळीच्या पिशवीत रोज किती आणि कोणत्या रंगाचा द्रव आला, याची वहीत नोंद ठेवायची. तो 10-20 मिलिलिटरवर आला, ताप उतरला आणि नळीतून औषध सोडून काढलेल्या एक्स-रेत आतड्याशी संबंध दिसला नाही, की नळी काढतात.