पाठदुखी व घरच्या घरीं करावयाचे व्यायाम

घरांत कोणाची पाठ धरली कीं लगेच दोन उपाय सुचविले जातात. एक, पायाळू मनुष्य शोधून त्याचा पाय दुखऱ्या जागीं लावून घ्यावा. दुसरा, अंथरुणावर निश्चल पडून राहावें. पहिल्या उपायानें गुण आल्याचें पुष्कळ जण सांगतात. त्याचें कारण असें कीं, साधी उसण बहुतेक वेळां कांहीं दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप निवळते आणि श्रेय मात्र त्या पायास मिळतें. दुसरा उपाय दिसावयास सोपा, परंतु अपायकारक आहे. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें.

आपल्या कण्यांत मानेचे ७, पाठीचे १२ व कंबरेचे ५ असे २४ सुटे मणके उतरंडीप्रमाणें एकावर एक रचलेले असतात. ही उतरंड केवळ हाडांच्या बळावर उभी राहात नाहीं. पोटाचे, पाठीचे व नितंबांचे स्नायू तिला चोहोंकडून तोलून धरतात. मनुष्य दिवसेंदिवस निजून राहिला तर हेच स्नायू दुबळे होतात, सांधे ताठरतात आणि दुखणें लांबतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणें २०२० सालीं जगांत ६१ कोटी ९० लक्ष लोकांस कंबरदुखी होती. अशा रोग्यांनीं झेपेल तितकें हिंडतें फिरतें राहावें, असेंच आजचें वैद्यकशास्त्र सांगतें.

आतां चार सोपे व्यायाम सांगतों. जमिनीवर सतरंजी अंथरावी.

पहिला : उताणें निजून गुडघे उभे करावे व पाउलें जमिनीवर टेकवावीं. पोट किंचित् आंत घेऊन कंबरेखालची पोकळी सतरंजीस टेकवावी. पांच आंकडे मोजून अंग सैल सोडावें.

दुसरा : त्याच स्थितींत एक गुडघा दोन्ही हातांनीं छातीकडे आणावा, थोडा वेळ धरावा व सोडावा. नंतर दुसरा आणावा.

तिसरा : हात व गुडघे टेकून ओणवें व्हावें. झोपेंतून उठलेल्या मांजराप्रमाणें पाठ वर कमानदार करावी. मग सावकाश खालीं आणावी.

चौथा : पुन्हां उताणें निजून, गुडघे उभे ठेवून, खांद्यांपासून गुडघ्यांपर्यंत सरळ रेषा होईल इतकी कंबर उचलावी व हळूच खालीं ठेवावी.

प्रत्येक व्यायाम प्रथम ५ वेळां, पुढें १० वेळां करावा. श्वास कोंडूं नये, हिसका देऊं नये. किंचित् ताण जाणवणें ठीक. पण वेदना वाढली किंवा पायांत उतरूं लागली तर तो व्यायाम थांबवावा. रात्रीं मणक्यांमधील चकत्या पाणी शोषून फुगतात. म्हणून उठल्याबरोबर खोल वांकूं नये, थोडें चालल्यावर व्यायामास लागावें.

तथापि पायांतील शक्ति कमी होणें, बैठकीची जागा बधिर होणें, मलमूत्रावरील ताबा जाणें किंवा लघवी अडणें, पाठदुखीबरोबर ताप येणें, अथवा पडल्यानंतर तीव्र वेदना होणें, यांपैकीं एकही लक्षण दिसल्यास व्यायाम नको व पायाळूही नको. तत्काळ डॉक्टर गांठावा. अशा वेळीं केलेला विलंब जन्माचें पंगुत्व आणूं शकतो.

विद्यार्थिमित्रांनो, केंद्र शासनाच्या २०२० च्या धोरणाप्रमाणें दप्तराचें वजन तुमच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावें. म्हणजे ४० किलो वजनाच्या मुलाचें दप्तर ४ किलोंच्या आंत हवें. ओझें उचलतांना गुडघे वांकवा व ओझें अंगाजवळ धरा. आणि आई धान्याचा डबा उचलूं लागली तर एक बाजू तुम्ही धरा. सायंकाळीं तिच्यासाठीं सतरंजी अंथरा व तिच्याशेजारीं तुम्हीही हे व्यायाम करा. परमेश्वरानें दिलेल्या शरीराची निगा राखणें हाहि त्याच्या सेवेचाच एक भाग आहे, असें आम्ही मानितों.