अक्षरं हरवली कुठे?

दोस्तांनो, एक गंमत करून बघा. जुन्या वर्तमानपत्रातला झाडाझुडपांचा एखादा फोटो घ्या. त्यावर काळ्या पेनाने आपलं नाव लिहा. आता चार पावलं मागे सरून वाचा बरं! नाही ना वाचता येत?

इंजिनिअर मंडळींचीही हीच पंचाईत होते. १९८२ साली आलेल्या 'ऑटोकॅड'सारख्या प्रोग्रॅमवर आराखडा काढताना ते कधीकधी खाली त्या जागेचा आकाशातून घेतलेला फोटो ठेवतात. वर रेघ ओढून लिहितात, 'पाण्याचा पाइप, खोली १ मीटर'. पण गर्द झाडीत ही काळी अक्षरं बुडाली तर? खोदणाऱ्याला ती दिसायची नाहीत आणि कुदळ थेट पाइपावर!

मग करायचं काय? आधी, पत्त्यांच्या गड्डीतला पत्ता वर काढावा तशी अक्षरं फोटोच्या वर आणायची. मग फोटो फिका करायचा. त्यासाठी 'फेड'चा आकडा ० ते १०० यांमध्ये हवा तेवढा ठेवता येतो. तरीही भागलं नाही, तर अक्षरांमागे कोऱ्या रंगाची पट्टी घालायची. तिचं नाव 'बॅकग्राउंड मास्क'. मात्र ती अक्षरांहून जराशीच मोठी हवी. फार मोठी झाली, तर पाइपाची रेघच झाकली जाईल!

आता तुमच्या फोटोवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून नाव लिहा. दिसलं ना लख्ख? शाळेचं भित्तिपत्रक करताना ही युक्ती जरूर वापरा. लिहिलेलं वाचता आलं, तरच लिहिण्याचा उपयोग, खरं की नाही?